घरातला सर्व्हर जगापर्यंत : प्रस्तावना

जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर वेब सर्व्हर बसवायला आज अर्धा तास पुरतो. उबुंटूवर एक कमांड दिली की एनजिनएक्स बसतो, आणि घरातल्या वायफायवरून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१० असा काहीसा पत्ता टाकला की त्याचे स्वागताचे पान समोर येते. तेच पान शेजारच्या इमारतीतून उघडत नाही, नाशिकच्या मावशीकडे उघडत नाही, न्यू जर्सीतल्या भावाकडेही नाही. यंत्र चालू आहे, नेट चालू आहे, पान तयार आहे, आणि तरीही बाहेरून आलेली विनंती त्या यंत्रापर्यंत पोहोचत नाही. ती वाटेत नेमकी कुठे अडते, का अडते आणि तिला घरापर्यंत आणण्याचे मार्ग कोणते, एवढाच या अभ्यासक्षेत्राचा विषय आहे.

वरवर पाहता हे राऊटरमधल्या एखाद्या सेटिंगचे काम वाटते, आणि कधीकधी ते तेवढेच असतेही. पण त्या सेटिंगमागे इंटरनेटच्या चाळीसएक वर्षांतले बरेच निर्णय दडलेले आहेत. घरातल्या यंत्राला बाहेरच्या जगाला उत्तर देता येत नाही, यात निसर्गनियम असा काही नाही. ठरावीक वर्षी, ठरावीक अडचणींपोटी घेतलेल्या निर्णयांची ती बेरीज आहे. त्यातून बाहेर पडण्याचा जो मार्ग आपण धरतो, त्यावरून पुढे कोणावर अवलंबून राहायचे हेही ठरून जाते. हे ध्यानात ठेवून या विषयात पाऊल टाकले की सुट्या सुट्या वाटणाऱ्या युक्त्या एका सूत्रात येतात. म्हणून सुरुवात इतिहासापासून केली आहे.

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला आरएफसी ७९१ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. आज ज्याला आपण आयपीव्ही४ म्हणतो त्याची ही व्याख्या. इंटरनेटचे तांत्रिक ठराव ज्या मालिकेत नोंदले जातात तिचे नाव आरएफसी, आणि या क्षेत्रात तिच्याशी ओळख करून घ्यावीच लागते. या दस्तऐवजात प्रत्येक यंत्राला एक पत्ता आहे. विचारणारी यंत्रे वेगळी आणि उत्तर देणारी वेगळी, असा भेद त्यात कुठेही नाही. सर्व्हर ही यंत्राची जात नव्हे. एखादा प्रोग्राम एखाद्या पोर्टवर ऐकत बसला की ते यंत्र सर्व्हर झाले.

पहिला वेब सर्व्हरही असाच टेबलावरचा होता. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस तो आपल्या नेक्स्ट संगणकावर चालवला. त्याच संगणकावर ते रोजचे कामही करत. कोणी चुकून बटण दाबू नये म्हणून त्यावर लाल शाईत हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. त्यांनी लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचताही येत असे आणि संपादितही करता येत असे. वाचणारा आणि लिहिणारा एकच, ही त्या रचनेतली धारणा होती. घरी सर्व्हर चालवू पाहणारा माणूस काही वेडगळ करत नाही, वेबची मूळ चालच ती आहे, हे नवख्या वाचकाला आधी सांगावेसे वाटते.

मग बिघडले कुठे? पत्त्यांच्या संख्येत. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. १९८१ साली ही संख्या अफाट वाटली असेल, पण १९९० नंतर ती पुरणार नाही हे दिसू लागले. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ मध्ये नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजे नॅट, ही कल्पना मांडली. अनेक यंत्रांनी मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरायचा. दीर्घकालीन उपाय तयार होईपर्यंतची ही तात्पुरती सोय आहे, असे त्यांनी तिथेच म्हटले होते. आतल्या वापरासाठी काही पत्ते राखून ठेवण्याची कल्पनाही त्याच वर्षी आली आणि फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये ती पक्की झाली. आपल्या घरोघरी दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. प्रत्येक सोसायटीत ३०२ नंबरचा फ्लॅट असतो, म्हणून पाकिटावर नुसते ३०२ लिहून पत्र पोहोचत नाही. १९२.१६८.१.१० चेही तसेच आहे.

या सोयीला तेव्हाच विरोध झाला होता, हे फारसे सांगितले जात नाही. जुलै १९९४ च्या आरएफसी १६२७ मध्ये चार अभियंत्यांनी खासगी पत्त्यांवर सडकून टीका केली. जगभर एकमेव असणे हा पत्त्याचा गुण गेला तर पुढे निस्तरणे महाग पडेल, असा त्यांचा मुद्दा होता. माझ्या मते तो मुद्दा खरा ठरला. पण पत्ते संपत आलेले असताना त्यांच्यापाशी लगेच वापरता येईल असा दुसरा उपाय नव्हता, हेही तितकेच खरे.

नॅट प्रत्यक्षात काय करते ते जवळून पाहू, कारण पुढचा सगळा विषय या एका कृतीवर उभा आहे. समजा घरातला १९२.१६८.१.१० हा संगणक आपल्या ५१५१४ या पोर्टवरून बाहेरच्या एका वेबसाईटला विनंती पाठवतो. राऊटर ती उघडतो, पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता, समजा २०३.०.११३.२५, आणि एक मोकळा पोर्ट, समजा ४००२१, असे लिहितो आणि विनंती पुढे सोडतो. (२०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखलेले आहेत, त्यामुळे इथे कोणाच्या घरचा पत्ता छापला जात नाही.) त्याच वेळी तो आपल्या तक्त्यात नोंद करतो की ४००२१ वर जे येईल ते १९२.१६८.१.१० च्या ५१५१४ कडे द्यायचे. उत्तर आले की नोंद सापडते आणि उत्तर योग्य जागी जाते. आता उलट बाजूने पाहा. बाहेरचा कोणी माणूस आपणहून २०३.०.११३.२५ च्या ४४३ या एचटीटीपीएसच्या पोर्टवर विनंती पाठवतो. राऊटर तक्ता पाहतो. तिथे तशी नोंद नाही. घरातल्या टीव्ही, तीन मोबाईल आणि एक लॅपटॉप यांपैकी ही विनंती कोणाची, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही, म्हणून तो ती टाकून देतो. यात सुरक्षेचा विचार मुळात नव्हता, फक्त नोंद नव्हती. ते सुरक्षाकवच आहे असे लोकांनी नंतर मानले, आणि काही अंशी ते उपयोगी पडलेही.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या तक्त्यात आपण हाताने घातलेली कायमची नोंद: ४४३ वर जे येईल ते १९२.१६८.१.१० कडे द्यायचे. राऊटरच्या पानावर ही नोंद करायची, सर्व्हरला डीएचसीपीमध्ये, म्हणजे आतले पत्ते वाटणाऱ्या सोयीत, तोच आतला पत्ता कायम राखून द्यायचा, बस. अनेकांचे काम इथेच होते. तपासताना मात्र घरच्या वायफायवरून तपासू नये. आतूनच स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावर गेलेली विनंती पुन्हा आत वळवणे सर्वच राऊटरांना जमत नाही, आणि मग सगळे नीट असूनही पान उघडत नाही. मोबाईलचे वायफाय बंद करून डेटावरून पाहावे. या एवढ्याशा गोष्टीपायी लोक रात्री जागवतात.

ज्यांचे काम इथे होत नाही, त्यांची अडचण घराच्या पलीकडे असते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४ च्या पत्त्यांचे जागतिक कोठार रिकामे झाले. आशिया-पॅसिफिक विभागाचे वाटप पाहणारी एपनिक ही संस्था १५ एप्रिल २०११ ला आपल्या शेवटच्या साठ्याशी येऊन ठेपली, आणि तेव्हापासून त्या साठ्यातून प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते असे रेशनिंग सुरू झाले. भारतातली इंटरनेटची मोठी वाढ त्यानंतरची आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावी फायबर टाकणाऱ्या लहान कंपनीला प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा सार्वजनिक पत्ता मिळणे शक्यच नव्हते. तिने स्वतःच्या केंद्रात आणखी एक नॅट बसवले, ज्याला कॅरिअर-ग्रेड नॅट किंवा सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा राखून दिला. आता आपल्या राऊटरमध्ये कितीही नोंदी केल्या तरी विनंती त्याच्या आधीच, कंपनीच्या तक्त्यापाशी अडते, आणि त्या तक्त्याला आपला हात पोहोचत नाही.

म्हणून या विषयातली पहिली तपासणी नेहमी एकच. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहायचा, आणि आपला पत्ता बाहेरून कसा दिसतो हे सांगणाऱ्या एखाद्या वेबसाईटवरचा पत्ता त्याच्याशी जुळवायचा. दोन्ही एकच असतील तर पोर्ट फॉरवर्डिंगला अर्थ आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल तर आपण सीजीनॅटच्या मागे आहोत. मग सेवा देणाऱ्या कंपनीकडून वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यायचा किंवा पुढे येणारे मार्ग पाहायचे. फोन करताना ‘पब्लिक आयपी हवा’ एवढेच न म्हणता ‘बाहेरून सुरू झालेली जोडणी माझ्यापर्यंत यायला हवी’ असे सांगावे. काही पोर्ट कंपनीकडेच बंद असतात, आणि घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवायला करारात परवानगी आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

पत्त्यांइतकीच आणखी एक गोष्ट घराच्या विरोधात गेली. टेलिफोनच्या तारेवरून आलेल्या ब्रॉडबँडचे नावच एडीएसएल होते, आणि त्यातला ए असमानतेचा: घरात येणारा वेग सुमारे ८ एमबीपीएसपर्यंत, घरातून जाणारा सुमारे एक. घरातला माणूस घेणारच जास्त, देणार थोडे, हे गृहीत त्या रचनेत घातलेले होते. फायबरने ही दरी पुष्कळ बुजवली, आणि साध्या वेबसाईटला तर आज कोणतीही फायबर जोडणी पुरते.

आयपीव्ही६ हा तो दीर्घकालीन उपाय, ज्याची नॅटच्या जनकांना वाट होती. त्याची पहिली व्याख्या डिसेंबर १९९५ ची, आरएफसी १८८३. १२८ बिटांच्या पत्त्यांमुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला जगात एकमेव पत्ता मिळतो, आणि नॅटची गरजच उरत नाही. या बाबतीत भारत पुढे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने आपले जाळे पहिल्यापासून आयपीव्ही६ वर उभे केले, आणि आज आयपीव्ही६ च्या वापरात भारताचे नाव जगात वरच्या क्रमांकांत असते. म्हणजे सीजीनॅटने अडवलेल्या अनेक घरांत दुसरा रस्ता आधीच आलेला असतो, घरच्यांना तो ठाऊक नसतो इतकेच. अडचणी आहेत. बहुतेक राऊटर बाहेरून सुरू झालेली आयपीव्ही६ जोडणी फायरवॉलने अडवतात, आणि कंपनीने दिलेल्या काही राऊटरांवर ते बदलण्याची सोयच दिसत नाही. पत्त्याचा पुढचा भाग अधूनमधून बदलतो. ज्या वाचकाच्या जोडणीवर फक्त आयपीव्ही४ आहे, त्याला पान दिसतच नाही. तरीही, ज्याला सुरुवात करायची आहे त्याने आधी हाच मार्ग चाचपावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण यात मध्ये तिसरा कोणी उभा नसतो.

नावांचा भाग तुलनेने सोपा आहे. एकेकाळी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या, सगळ्या यंत्रांची नावे एका फाईलमध्ये असत, आणि कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर यांचे पथक ती सांभाळत असे. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडले आणि ते काम जगभर वाटले गेले. घरचा पत्ता बदलता असेल तर घरातलाच एक छोटा प्रोग्राम नवा पत्ता डीएनएसला कळवत राहतो, त्याला डायनॅमिक डीएनएस म्हणतात. नोंदीची मुदत पाच मिनिटांसारखी आखूड ठेवली की बदल लवकर पसरतो. २०१४ पासून .भारत या देवनागरी डोमेनखाली मराठीतही नाव घेता येते, आणि घरच्या सर्व्हरला ते अगदी शोभून दिसते.

पत्ता मिळतच नसेल तर विचार उलटा करायचा. बाहेरून आत येता येत नाही, पण आतून बाहेर जाता येते, आणि बाहेर गेलेल्या जोडणीवरून उत्तरे परत येतात. मग घरातल्या यंत्रानेच बाहेरच्या एखाद्या सार्वजनिक पत्त्याच्या यंत्राशी जोडणी करून ती कायम उघडी ठेवायची, आणि जगाच्या विनंत्या त्या जोडणीतून आत आणायच्या. यालाच टनेल म्हणतात. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या एसएसएचमध्ये अशा उलट्या फॉरवर्डिंगची सोय आहेच. आज बरेच जण वायरगार्ड वापरतात, जे मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलमध्ये आहे. त्यात एक छोटी ओळ असते जी विसरली की सगळे फसते: दर २५ सेकंदांनी एक रिकामे पॅकेट पाठवत राहण्याची. जोडणी शांत राहिली की नॅटच्या तक्त्यातली नोंद पुसली जाते, काही ठिकाणी अर्ध्या मिनिटातच, आणि मग बाहेरच्या यंत्राला घर सापडत नाही. पंचवीस हा आकडा तिथून आला आहे.

टनेल कोणाच्या यंत्रापर्यंत न्यायचा, हा खरा प्रश्न. क्लाउडफ्लेअर किंवा एनग्रोक यांच्या सेवा दहा मिनिटांत काम करून देतात आणि शिकताना त्या वापरण्यात काहीच गैर नाही. पण एचटीटीपीएसचे कुलूप कुठे उघडते ते पाहावे. सामान्य मांडणीत ते त्यांच्या यंत्रावर उघडते, म्हणजे आपल्या वाचकाने भरलेला फॉर्म आपल्याआधी त्यांच्यासमोर उघडा असतो. त्याऐवजी महिन्याला थोडे पैसे भरून एक लहान व्हीपीएस, म्हणजे भाड्याचे आभासी यंत्र, घेतला आणि त्यावरून ४४३ चे पॅकेट जसेच्या तसे वायरगार्डमधून घरी धाडले, तर त्या कुलुपाचे सर्टिफिकेट आणि त्याची किल्ली घरातच राहते. भाड्याचे यंत्र केवळ वाहक उरते. मला ही मांडणी सर्वांत प्रामाणिक वाटते. टॉरच्या ऑनियन सेवांचा मार्ग याहून वेगळा आहे: ५६ अक्षरांचा पत्ता, सार्वजनिक आयपी नको, डोमेन नको. पण वाचकाला खास ब्राउझर लागतो.

सर्टिफिकेटचा खर्च हा पूर्वी मोठा अडथळा होता. ३ डिसेंबर २०१५ ला लेट्स एन्क्रिप्टने आपली सेवा सर्वांना खुली केली आणि तो अडथळा गेला. तिची सर्टिफिकेटे फुकट आणि मुळात ९० दिवसांची, आपोआप नवी होणारी. इथे एक गोष्ट नवख्यांना चकित करते. दिलेले प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवह्यांत जाहीर होते. त्यामुळे कोणालाही न सांगितलेल्या डोमेनवरही थोड्याच वेळात अनोळखी विनंत्या येऊ लागतात. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या दिसतात: कोणी वर्डप्रेसचे लॉगइन पान मागतो, कोणी पासवर्ड असण्याची शक्यता असलेली लपलेली फाईल मागतो, आणि या सर्व्हरवर यातले काहीच नसते. हे कोणी मुद्दाम तुमच्या मागे लागलेले नाही. मिशिगन विद्यापीठाच्या झेडमॅप या साधनाने २०१३ मध्ये दाखवले की एक संगणक एका गिगाबिट जोडणीवरून आयपीव्ही४ चे सगळे जग पाऊण तासाच्या आत चाळू शकतो. पोहोचता येणे म्हणजे सर्वांना पोहोचता येणे.

त्याचे गांभीर्य २०१६ मध्ये दिसले. मिराई नावाच्या प्रोग्रामने घरोघरचे कॅमेरे आणि राऊटर कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांचा मारा डिन या कंपनीवर झाला. डिन डीएनएस चालवत होती. ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अनेक ठिकाणी तासन्‌तास उघडेनात. हीच ती कंपनी जिने आधी वर्षानुवर्षे घरगुती सर्व्हरांना फुकट नावे दिली होती. म्हणून नियम कडक ठेवावेत: फक्त ४४३ आणि गरजेपुरता ८० उघडावा, एसएसएच किल्लीनेच चालावे, यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारे राऊटरचे यूपीएनपी बंद असावे, अपडेट आपोआप व्हावेत, आणि सर्व्हर शक्यतो घरातल्या इतर यंत्रांपासून वेगळ्या नेटवर्कवर असावा. यात दिरंगाई केली तर त्रास फक्त आपल्याला होत नाही.

एवढे करून घरी काय ठेवायचे? गावच्या ग्रंथालयाची पुस्तकसूची, शाळेतल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, आजीच्या आवाजातल्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे, कुटुंबाची छायाचित्रे. दिवसाला वीस वाचक असलेल्या अशा गोष्टींना पाच वॅटचे यंत्र आरामात पुरते. लाईट जाते तिथे सर्व्हरबरोबर राऊटर आणि फायबरचा डबा हेही इन्व्हर्टरवर घ्यावेत, नाहीतर सर्व्हर जागा राहून उपयोग नाही.

या क्षेत्रात बरेच काही अजून ठरायचे आहे, आणि नव्या अभ्यासकांसाठी इथे भरपूर जागा आहे. घरातल्या यंत्राने कंपनीच्या नॅटकडे स्वतःहून एक पोर्ट मागावा आणि तो मिळावा, यासाठी पोर्ट कंट्रोल प्रोटोकॉल २०१३ मध्येच आरएफसी ६८८७ म्हणून लिहून झाला आहे, पण ग्राहकाला तो क्वचितच वापरायला मिळतो. आयपीव्ही६ वर बाहेरून येणारी जोडणी मुळात बंद असावी की ग्राहकाच्या एका बटणावर असावी, यावर एकमत नाही. आपल्याकडच्या किती जोडण्या सीजीनॅटच्या मागे आहेत आणि त्यांपैकी कितींवर आयपीव्ही६ खऱ्या अर्थाने आत येऊ देते, हे जिल्ह्याजिल्ह्यात मोजून पाहता येईल, आणि त्याला लागणारी साधने प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात आहेत. पुढच्या प्रकरणांतले प्रयोग त्या मोजणीलाही उपयोगी पडतील असेच मांडले आहेत.